माहितीचा आकार आणि त्यातील पोकळी



पालघर जिल्ह्यातील वारली चित्रांत तारपा वाजविणाऱ्याभोवती हात धरून नाचणाऱ्यांची साखळी दिसते. ती लहान की मोठी, गोल की वाकडी, याच्याशी गणिताच्या एका शाखेस कर्तव्य नसते. पहिला व शेवटचा हात जुळून कडे पूर्ण झाले काय, एवढेच ती पाहते. ही शाखा म्हणजे संस्थितिविज्ञान, अर्थात टोपॉलॉजी. तिचे प्रश्न संगणकाने सोडविणे ही संगणकीय टोपॉलॉजी होय.

प्रशासनाशी तिचा संबंध काय? बोईसर-तारापूर औद्योगिक परिसरात हवा तपासणारी यंत्रे ठिकठिकाणी बसविली आहेत, अशी कल्पना करावी. प्रत्येक यंत्र आपल्याभोवतीच्या ठरावीक वर्तुळातील हवेचीच खबर देईल. सर्व आकड्यांची सरासरी समाधानकारक निघाली, तरी वर्तुळांच्या मधला एखादा पाडा मोजणीतून सुटलेला असू शकेल. सरासरीत ही पोकळी दिसत नाही. कोणते यंत्र कोणाच्या शेजारी आहे एवढे कळले, तर काही अटींवर, यंत्रांचे नेमके स्थान ठाऊक नसतानाही क्षेत्र पूर्ण झाकले गेल्याची खात्री देता येते, हे विन डी सिल्व्हा व रॉबर्ट घ्रिस्ट यांनी २००७ मध्ये दाखविले.

याची रीत सोपी आहे. नकाशावरील प्रत्येक बिंदूभोवती वर्तुळ काढून ते हळूहळू वाढवीत न्यावे. वर्तुळे एकमेकांस भिडतात, त्यांची कडी बनतात आणि पुढे ती भरून जातात. लगेच मिटणारी पोकळी बहुधा योगायोगाची असते. दीर्घकाळ टिकणारी दखल घेण्याजोगी असते. या टिकाऊपणाचे गणित एडेल्सब्रुनर, लेचर व झोमोरोडियन यांनी २००२ मध्ये मांडले. डहाणू-तलासरी भागात नोव्हेंबर २०१८ मध्ये सुरू झालेल्या भूकंपमालिकेतील केंद्रबिंदूंचे पुंजके या रीतीने तपासता येतील. मात्र त्यावरून पुढील धक्क्याचे भाकीत करता येणार नाही.

हे शिकण्यास भूमिती, मॅट्रिक्सचे गणित व थोडे संगणक-प्रोग्रामिंग पुरते. गुधी, रिप्सर यांसारख्या आज्ञावली विनामूल्य मिळतात. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत विजय नटराजन यांनी या विषयात संशोधन केले आहे. शाळेत तालुक्याच्या नकाशावर आरोग्य उपकेंद्रे मांडून कंपासाने वर्तुळे काढली, तरी आरंभ होईल. नकाशावरील पोकळी कारण सांगत नाही. कोठे जाऊन चौकशी करावी, एवढे दाखविते. तेथवर जाणे हे अखेर ग्रामसेवकाचे, शिक्षकाचे व पंचायत सदस्याचेच काम आहे.