घरातील रुग्णशुश्रूषा : कुणाची जबाबदारी?
(अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



इस्पितळातून घरी पाठविलेल्या रुग्णाचा आजार संपलेला नसतो. इस्पितळाची जबाबदारी तेवढी संपलेली असते. पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेला कामगार, कर्करोगाने जर्जर झालेली शेतमजूर स्त्री, पाठीचा कणा मोडलेला बांधकाम मजूर यांना वरचेवर कूस पालटून देणारे हात लागतात. शय्याव्रण धुणारी, लघवीची नळी बदलणारी परिचारिका लागते. आखडलेले सांधे मोकळे करणारा फिजिओथेरपिस्ट लागतो. ही चैन नव्हे. तिच्या अभावी जखमा चिघळतात आणि वाचू शकणारा माणूस दगावतो.

भांडवली व्यवस्थेत श्रीमंत ही सेवा विकत घेतो. गरिबाच्या घरी पत्नी, मुलगी किंवा सून मजुरी बुडवून ती करते आणि त्या श्रमाची नोंद कोणत्याही हिशेबात होत नाही. विकत मिळणाऱ्या सेवेतही शोषण आहेच. शहरांतील ब्युरो बारा-बारा तासांच्या पाळीसाठी स्त्रिया पुरवितात आणि त्यांच्या मजुरीतून आपले कमिशन कापून घेतात. घरकामगारांच्या हक्कांविषयीचा १८९ क्रमांकाचा करार आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०११ साली संमत केला. भारत सरकारने त्याला अद्याप अनुसमर्थन दिलेले नाही.

याहून वेगळा मार्ग शक्य आहे, हे केरळने दाखवून दिले. १९९३ साली कोळिकोडच्या वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. एम. आर. राजगोपाल व डॉ. सुरेश कुमार यांच्या पुढाकाराने वेदनाशामक उपचारांची संस्था उभी राहिली. दवाखान्यापर्यंत पोहोचूच न शकणाऱ्या रुग्णांचा प्रश्न तिच्यासमोर लवकरच आला. त्यातून मलप्पुरमसारख्या जिल्ह्यांत गावोगावचे प्रशिक्षित स्वयंसेवक आणि परिचारिका घरोघर जाऊ लागल्या.

परंतु केवळ सद्भावनेवर हे काम राज्यभर पसरले नसते. १९९६ साली डाव्या लोकशाही आघाडीच्या सरकारने लोकयोजना मोहीम हाती घेतली आणि राज्याच्या योजना-निधीचा ३५ ते ४० टक्के वाटा स्थानिक संस्थांना देण्याचे ठरविले. त्यामुळे पंचायतींच्या हाती पैसा आणि अधिकार आला. पुढे २००८ साली, पुन्हा डाव्या आघाडीच्याच राजवटीत, वेदनाशामक उपचारांचे धोरण जाहीर झाले; असे धोरण आखणारे केरळ हे देशातील पहिले राज्य. घरी जाऊन शुश्रूषा करणे हे सार्वजनिक आरोग्यसेवेचे अंग ठरले. पंचायतीने नेमलेली परिचारिका प्राथमिक आरोग्य केंद्राशी जोडली गेली. ती रुग्णाच्या घरी जाऊन मलमपट्टी करते, नळी बदलते आणि घरच्यांना शुश्रूषा शिकविते.

या यशातील अंतर्विरोधही झाकता कामा नये. यांतील बहुसंख्य परिचारिका कंत्राटी आहेत. स्वयंसेवकांचा त्याग गौरवास्पद आहे. परंतु त्यागाच्या नावाखाली वेतनाचा प्रश्न पुढे ढकलला गेला, तर सेवेचा भार पुन्हा स्त्रियांच्याच खांद्यावर पडतो. सार्वजनिक आरोग्यावरील खर्च २०२५ पर्यंत सकल देशांतर्गत उत्पादनाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे आश्वासन केंद्राने २०१७ च्या आरोग्य धोरणात दिले होते. ते पाळले गेले नाही, आणि त्याची किंमत ही घरे मोजीत आहेत.

तेव्हा सभासदांपुढील कार्य स्पष्ट आहे. प्रत्येक शाखेने आपल्या वस्तीतील अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांची नोंद करावी. ती नोंद घेऊन आरोग्य केंद्र, पंचायत व नगरपालिका यांच्यापुढे परिचारिकेची मागणी मांडावी. ब्युरोंमार्फत राबणाऱ्या स्त्रियांना संघटनेत आणावे आणि किमान वेतन, साप्ताहिक सुटी व कामाचे निश्चित तास यांसाठी लढा उभारावा. रुग्णाचा हक्क आणि त्याची शुश्रूषा करणारीचा हक्क हे एकाच लढ्याचे दोन भाग आहेत. एकाला डावलून दुसरा मिळविता येणार नाही.