घरकुल, ठेकेदार आणि सरकार नावाची चीज
(जळगावातल्या एका मेळाव्यात केलेलं भाषण)



मघाशी इथंच एक मित्र तावातावानं म्हणाला, सरकारनं घरं बांधायच्या भानगडीत पडूच नये, जळगावचं घरकुल बघा ना! ठीक आहे. बघू.

१९९९ च्या सुमारास इथल्या नगरपालिकेनं झोपडपट्टीवाल्यांसाठी ११ हजारांवर घरांची योजना काढली. हुडकोचं कर्ज उचललं. काम दिलं खाजगी ठेकेदाराला, वर बिनव्याजी उचलही दिली. घरं उठली किती? १५०० च्या आसपास. बाकीची कागदावर, नाहीतर अर्धवट. आणि कर्ज बसलं साऱ्या गावाच्या मानेवर. झोपडीतली म्हातारी विचारते, "भाऊ, मन्हं घर कोठे शे?" काय सांगायचं तिला?

आता हा सरकारचा गुन्हा की ठेकेदारीचा? अरे, सरकार तिथं होतंच कुठं! खुर्ची सरकारी आणि खिसा खाजगी, असा तो संसार होता. आणि २००६ साली फिर्याद दिली कुणी? महापालिकेच्याच आयुक्तानं. ३१ ऑगस्ट २०१९ ला धुळ्याच्या विशेष न्यायालयानं दोन माजी मंत्र्यांसह ४८ जणांना दोषी ठरवलं. तेरा वर्षं लागली. पुढं अपिलं मुंबई हायकोर्टात गेली. म्हणजे चोरी झाली ती सरकारी खुर्चीवरून, आणि पकडली तीही सरकारी खुर्चीवरूनच. मित्रा, तुझं सरकार नसतं तर चोरीला चोरी म्हणणाराही उरला नसता. बिल्डरनं फ्लॅट महाग विकला तर त्याला कोण आयुक्त जाब विचारतो?

१९३७ साली बाबासाहेब एका खटल्यासाठी धुळ्याला आले, लळिंगच्या लांडोर बंगल्यात थांबले. दरवर्षी ३१ जुलैला आपण तिथं जातो, डोकं टेकवतो. पण त्यांनीच १९४७ मध्ये 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये काय मागितलं, ते कितीजणांनी वाचलंय? हात वर करू नका, मीही उशिराच वाचलं. मूलभूत उद्योग राज्याचे, विमा राज्याचा, शेतीसुद्धा राज्याचा उद्योग. जमीन जातपात न बघता गावकऱ्यांच्या गटांना कसायला. आणि हे सगळं घटनेतच लिहा म्हणाले. कारण साधं होतं. कायदा बहुमत करतं, आणि गावातलं बहुमत कुणाचं, ते आपल्याला कुणी शिकवायला नको.

सरकारनं बाजूला व्हावं, असं ज्याच्याकडं सात-बारा आहे तो म्हणू शकतो. मजूर म्हणाला तर त्याच्या छातीवर मालकच बसेल ना?

पण सरकारची आरती ओवाळायला मी आलेलो नाही. ज्या घरांचा पैसा खर्ची पडला ती घरं कुणाच्या नावावर आहेत, तिथं राहतंय कोण, यादी हवी. उद्या अकरा वाजता महापालिकेवर जायचंय. रेशनकार्डाची झेरॉक्स बरोबर आणा. माहिती अधिकाराचा अर्ज मी लिहून ठेवलाय, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट तेवढं प्रत्येकानं आपापलं लावायचं.