विद्यार्थ्यांनी मागितलेला वाटा

श्रोतेहो, कॉलेजातला संप म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे काय येते? फाटकाशी जमलेली मुले, घोषणा, फुटलेल्या काचा आणि बुडालेले वर्ष. आईबापांच्या जिवाला घोर लागतो तो याचाच. आज अशाच एका संपाची हकीकत ऐका. ती दूरची आहे, दक्षिण अमेरिकेतल्या आर्जेन्टिना देशातल्या कोर्दोबा शहरची, १९१८ सालची.

कोर्दोबाचे विद्यापीठ फार जुने, १६१३ सालचे. तीनशे वर्षांत त्याचा दरारा वाढला. पण कारभार राहिला मूठभर घराण्यांच्या हाती. प्राध्यापकाची खुर्ची एकदा मिळाली की ती जन्मभराची, मग तो शिकवो वा न शिकवो. आपल्याला वतनदारी ठाऊक आहे. हे विद्येचे वतनच म्हणा ना!

ठिणगी पडली ती साध्या कारणाने. १९१७ च्या अखेरीस वैद्यकीच्या विद्यार्थ्यांची रुग्णालयात राहून शिकण्याची सोय बंद झाली. इंजिनिअरिंगच्या मुलांची तक्रार हजेरीच्या नियमांविषयी होती. अर्जविनंत्या झाल्या, दाद लागली नाही. मार्च १९१८ मध्ये संप पुकारला गेला.

आता पुढाऱ्यांची पारख पाहा. राहण्याची सोय परत द्या, एवढेच मागून ते थांबले असते तर ही गोष्ट तिथेच संपती. त्यांनी विचारले, असे नियम करतो कोण? आणि करणाऱ्याला निवडतो कोण?

राष्ट्राध्यक्ष इरिगोयेन यांनी प्रतिनिधी पाठवून निवडणुकीचे नियम बदलले. पण १५ जूनला प्राध्यापकांनी निवडले ते जुन्याच गटाच्या नोरेस यांना. मुले सभागृहात घुसली, मोडतोड झाली. ती काही भूषणाची गोष्ट नव्हे. परंतु सहाच दिवसांनी, २१ जूनला, त्यांनी आपला जाहीरनामा छापला. तो लिहिला होता देओदोरो रोका या तरुण वकिलाने, आणि खाली सह्या होत्या विद्यार्थी पुढाऱ्यांच्या.

या चळवळीच्या मागण्या नीट ऐका. विद्यापीठाच्या कारभारात विद्यार्थ्यांना वाटा असावा. प्राध्यापक खुल्या स्पर्धेने आणि ठरावीक मुदतीसाठी नेमावेत. हजेरीची सक्ती नसावी, म्हणजे पोटासाठी काम करणाऱ्यालाही शिकता येईल. आणि विद्या विद्यापीठाच्या भिंतीबाहेर, लोकांपर्यंत जावी.

९ सप्टेंबरला तर मुलांनी विद्यापीठ ताब्यात घेतले. बारोस, वाल्देस आणि बोर्दाबेहेरे या तीन पुढाऱ्यांनी एकेका शाखेची जबाबदारी उचलली आणि वर्ग व परीक्षा चालविण्याचा घाट घातला. लष्कराने त्यांना पकडले. पण सरकारला बऱ्याचशा मागण्या मान्य कराव्या लागल्या. हे वारे पुढे पेरू देशापर्यंत गेले. तेथे १९२१ मध्ये विद्यार्थी कामगारांना शिकवू लागले.

सारे एका झटक्यात झाले, असे मात्र समजू नका. आर्जेन्टिनात विद्यापीठाची फी माफ झाली ती १९४९ मध्ये. १९६६ मध्ये लष्करी राजवटीने विद्यापीठांचा हा स्वायत्त कारभार मोडला, आणि २९ जुलैच्या रात्री ब्वेनोस आयरेस येथे पोलिसांनी प्राध्यापक-विद्यार्थ्यांना लाठ्या मारून बाहेर काढले. १९८३ मध्ये लोकशाही परतली, तेव्हा तो कारभारही परतला. मिळालेला हक्क राखावा लागतो, तो असा.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, पुढारी कॉलेजात गेल्यावर एकाएकी घडत नाही. शाळेच्या मंत्रिमंडळात मुलांकडे नुसते हार-गुच्छ देण्याचे काम असते काय? वाचनालयाचा हिशेब, पाण्याच्या टाकीची देखरेख त्यांच्या हाती देऊन पाहा. चुकतील, सावरतील. आणि पालकहो, तालुक्याच्या कॉलेजातला मुलगा सुट्टीत घरी येऊन कारभाराची तक्रार करू लागला, तर त्याला गप्प करू नका. एवढेच विचारा: 'बाबा रे, तुझ्या हाती दिले, तर तू काय करशील?' उत्तर त्याला शोधू द्या.