गाडीला ताप आला, तर आधी काय विचाराल?

(उन्हाळी सहलीच्या तयारीसाठी मंडळाने घेतलेल्या सभेतील भाषण)



आपल्या मंडळातल्या तीन-चार कुटुंबांनी जुनी फोक्सवॅगन व्हॅनॅगन घेतली आहे. आत ओटा, शेगडी, झोपायची सोय. मुलं तर वेडीच झाली आहेत. पण लॉस एंजेलिसकडे जाताना ग्रेपवाइनचा चढ लागला, की बाबांचं लक्ष रस्त्यापेक्षा तापमानाच्या काट्याकडेच जास्त! तेव्हा आज बोलायचं ते इंजिन तापण्याबद्दल.

ताप हा स्वतः आजार नसतो, हे आपल्या आजीलाही ठाऊक होतं. ती आधी विचारायची, "ताप येतो कधी? सकाळी की संध्याकाळी?" गाडीलाही हाच प्रश्न विचारायचा. आपल्या एका स्नेह्यांनी तो विचारला नाही. आधी थर्मोस्टॅट बदलला, मग वॉटर पंप, मग रेडिएटर. खिसा रिकामा झाला, ताप तसाच. त्यांची गाडी फक्त ट्रॅफिकमध्ये तापायची, हायवेवर गार! कारण निघालं पंख्याचा जळलेला रेझिस्टर. हायवेवर वारा पंख्याचं काम करत होता, एवढंच.

म्हणून पहिला नियम. थांबल्यावर तापते? पंखा, त्याचा फ्यूज, रेझिस्टर आणि रेडिएटरवरचा स्विच तपासा. एसी लावला की पंखा फिरायला हवा. वेगात किंवा चढावरच तापते? रेडिएटर आतून गाळाने किंवा बाहेरून धुळीने भरला असेल, पंपाचा पट्टा सैल असेल, नाहीतर इग्निशनचं टायमिंग चुकलेलं असेल. सुरू केल्यावर पाच-दहा मिनिटांतच तापते? कूलंट कमी आहे, आत हवा अडकली आहे, किंवा थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला आहे.

आता या गाडीची रचना बघा. १९७९ पर्यंतची जुनी बस हवेवर थंड होणारी, तिला रेडिएटरच नव्हता. अमेरिकेत १९८३ पासूनच्या व्हॅनॅगनमध्ये पाण्यावर थंड होणारं इंजिन आलं. इंजिन मागे, रेडिएटर पुढे, आणि दोघांना जोडणारे लांबलचक पाइप गाडीच्या पोटाखालून! कूलंट मावतं सुमारे १६-१७ लिटर. एवढ्या लांब नळीत हवा अडकायला कितीसा वेळ लागणार? म्हणून कूलंट बदलल्यावर गाडीचं नाक थोडं उंच करायचं, हीटर पूर्ण उघडायचा, इंजिन २००० आरपीएमच्या आसपास ठेवायचं आणि रेडिएटरवरचा हवा सोडायचा स्क्रू सैल करायचा. बुडबुडे थांबून नुसतं कूलंट येऊ लागलं, की घट्ट करायचा. मध्ये टाकीत भर घालत राहायचं.

खरंच तापली आहे का, हेही आधी पाहा. डॅशबोर्डवरचा लाल दिवा कूलंटची पातळी कमी झाली तरी लुकलुकतो, आणि पातळीचा सेन्सर मळला तर उगाचच! इन्फ्रारेड थर्मामीटर थर्मोस्टॅटच्या घरावर रोखा. चकचकीत धातूवर आकडा चुकतो, म्हणून तिथे काळी टेप चिकटवा. थर्मोस्टॅट साधारण ८७ अंश सेल्सिअसला उघडायला लागतो. इंजिन गरम आणि रेडिएटरला जाणारी नळी गार, म्हणजे तो उघडत नाही किंवा मध्ये हवा आहे. थर्मोस्टॅट काढून गरम पाण्यात घालून पाहता येतो, पण त्यासाठी स्वयंपाकघरातलं पातेलं नको. कूलंट विषारी असतं आणि चवीला गोड लागतं. मुलं आणि कुत्री-मांजरं यांच्यापासून ते लांबच ठेवा.

सगळ्यात गंभीर म्हणजे हेड गॅस्केट. कुठे थेंब सांडत नाही, तरी पातळी घटते. टाकीत बुडबुडे येतात. थंड इंजिन सुरू करताच नळ्या दगडासारख्या घट्ट होतात. मागून गोडसर वासाचा पांढरा धूर येतो. दुकानात एक तपासणीचा संच मिळतो. टाकीतली हवा त्याच्या निळ्या द्रवातून ओढायची. द्रव पिवळा झाला, तर सहल रद्द. वाद नको.

आणि रस्त्यातच काटा चढला तर? एसी बंद, हीटर पूर्ण चालू, खिडक्या उघड्या, खालचा गिअर. ग्रेपवाइनवर एसी बंद ठेवा म्हणून पाट्याही आहेत. तरी काटा उतरला नाही, तर सुरक्षित जागी थांबून इंजिन बंद करा. चढलेला काटा एकदम धाडकन खाली आला, तर हुश्श करू नका! बहुधा कूलंट संपलेलं असतं आणि सेन्सर कोरडा पडलेला असतो. लगेच थांबा.

व्हॅनॅगनमध्ये मागचा पलंग इंजिनच्या डोक्यावरच असतो, हे विसरू नका. चालत्या गाडीत मुलांना तिथे झोपवायचं नाही. थांबल्यावर पहिल्यांदा मुलं उजव्या दाराने बाहेर, रस्त्यापासून दूर. मगच इंजिनकडे बघायचं. टाकीचं झाकण मात्र उघडायचं नाही. आपल्या घरचा प्रेशर कुकर आठवा. शिट्टी पडायच्या आत झाकण काढलं तर काय होईल? इथेही आत सुमारे १ बार दाब असतो. झाकण उघडलं, की दाब जातो, द्रव एकदम उकळतो आणि तोंडावर येतो. तास-दीड तास थांबा. गरम इंजिनात गार पाणी तर मुळीच ओतू नका, हेडला तडा जातो.

शेवटी एकच सांगतो. गाडीत एक वही ठेवा. कधी तापली, कुठल्या वेगाला, एसी चालू होता का, किती कूलंट घातलं, सगळं लिहा. मेकॅनिककडे "तापते हो" एवढंच सांगितलं, तर तो अंदाजाने सुटे भाग बदलत बसेल. वही पुढे ठेवली, तर बहुतेकदा पहिल्याच पानावर उत्तर सापडतं.

कुणाला आपली गाडी दाखवायची असेल, तर चहा झाल्यावर पार्किंगमध्ये भेटू या. पण इंजिन गार होऊ द्या बरं का!