सकाळची घाई आणि घरची न्याहारी



माझी शाळा सातवीपर्यंतच झाली. पुस्तकी बोलणे जमणार नाही. घरचा अनुभव तेवढा सांगते.

माहेर साताऱ्याकडचे, पाटणच्या डोंगरातले, सासर सांगलीचे. तिकडे सकाळी नाचणीची आंबील, इकडे ज्वारीची भाकरी. पण डब्यांच्या घाईत मी दोन्ही विसरले आणि मुलांना चहा-टोस्टवर शाळेत धाडू लागले. एके दिवशी धाकटी प्रार्थनेला घेरी येऊन पडली. डॉक्टरांनी विचारले, "सकाळी काय खाल्ले होते?" माझी मान वर होईना.

तेव्हापासून सकाळचे निम्मे काम मी आधीच उरकते. ज्वारी 2 वाट्या, बाजरी, तांदूळ आणि हरभऱ्याची डाळ 1-1 वाटी, उडीद अर्धी, धने पाव. सारे वेगवेगळे भाजून दळून आणते. ही भाजणी घट्ट झाकणाच्या डब्यात महिनाभर चांगली राहते. पीठ तयार असले की थालीपिठाला कितीसा वेळ लागतो?

नाचणीचे पीठ रात्री पाण्यात कालवून ठेवावे. सकाळी शिजवावे, निवल्यावर ताक-मीठ घालावे. नाचणीत कॅल्शियम भरपूर, वाढत्या मुलांच्या हाडांना ते हवेच. रात्रीची भाकरी उरली तर कुस्करून कांद्याच्या फोडणीत परतावी, वर दाण्याचे कूट पेरावे.

2023 साल साऱ्या जगाने भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले. आपल्या आयांनी ती जन्मभर रांधली!

एक शेवटचे. सर्वांना वाढून आपण उभ्याउभ्या नुसता चहा घेतो. तसे करू नका. मुलांबरोबर आपलेही ताट घ्या.