नोकरीची वाट आणि अंगावरचा पोशाख

(समाजाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कार्यकारी मंडळाने आम्हांस हा विषय दिला, तेव्हा एक ज्येष्ठ सभासद हसून म्हणाले की, शिंप्यांच्या सभेत पोशाखावर बोलणे म्हणजे पंढरपुरात बुक्का विकावयास जाणे होय. त्यांचे म्हणणे खोटे नाही. ज्या नामदेवरायांचे आपण नाव सांगतो, त्यांनी गज, कातर, सुई आणि दोरा यांना थेट भक्तीच्या भाषेत नेऊन बसविले. नरसीच्या या संताची पदे शिखांच्या ग्रंथसाहिबात आहेत, आणि तो ग्रंथ नांदेडच्या हुजूरसाहिबात रोज वाचला जातो. इतके असूनही आपल्याच घरातील मुलगा मुलाखतीस निघतो तेव्हा खांद्याची शिवण दंडावर उतरलेला तयार सदरा घालून निघतो, हे आम्ही वारंवार पाहिले आहे. म्हणून बोलण्याचे धाडस करतो.

आम्ही मॅट्रिक आणि त्यावर अध्यापनाची पदविका, एवढ्या भांडवलावर नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांतील शाळांत आयुष्य काढले. मोठ्या पदव्यांच्या गोष्टी आम्ही सांगणार नाही. तथापि कोणता विद्यार्थी पुढे कोठे लागला आणि कोण का अडला, हे पाहावयास शिक्षकास भरपूर वेळ मिळतो.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी. कचेरीचा पोशाख हा काही सनातन धर्म नव्हे. राज्य बदलले की तो बदलतो. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपला मुलूख निजामाच्या राज्यात होता. कारभार उर्दूत चाले आणि दरबारी माणसाच्या अंगावर शेरवानी व डोक्यावर रुमी टोपी असे. आमच्या आजोबांनी ज्या मशीनवर शेरवान्या शिवल्या, त्याच मशीनवर पुढे नेहरू शर्ट आणि पायजमे शिवले, आणि आमच्या वडिलांनी बुशशर्ट व पाटलोणी. गिऱ्हाईक तेच, मशीनही तेच. निराळा झाला तो काळ. म्हणून 'आमच्यात असे घालीत नाहीत' असे जे वडीलधारे म्हणतात, त्यांनी आपल्याच दुकानातील जुनी मापांची वही एकदा चाळून पाहावी.

आता आजची स्थिती पाहू. महाराष्ट्र शासनाने ८ डिसेंबर २०२० रोजी आपल्या कर्मचाऱ्यांच्या पोशाखाविषयी परिपत्रक काढले. जीन्स, टी-शर्ट, स्लीपर आणि भडक, चित्रविचित्र नक्षीचे कपडे कार्यालयात नकोत, असे त्यात होते. आठवड्यातून एक दिवस, शुक्रवारी, खादी वापरावी असेही सुचविले होते. पुढे मार्च २०२१ मध्ये जीन्सवरील बंदी मागे घेण्यात आली. टी-शर्टावरील मात्र राहिली. शिक्षकांसाठी १५ मार्च २०२४ रोजी निराळा निर्णय निघाला. पुरुषांनी फिकट सदरा व गडद पँट, सदरा खोचलेला. स्त्रियांनी साडी, किंवा सलवार वा चुडीदार, कुर्ता आणि दुपट्टा. हा निर्णय आमच्या निवृत्तीनंतर आला. सदरा खोचण्याचाही हुकूम काढावा लागतो, याचे आम्हांस थोडे हसू आले आणि थोडे वाईटही वाटले. खादीचा मात्र आनंद झाला, कारण राष्ट्रध्वजाचे कापड ज्या थोड्या ठिकाणी सिद्ध होते त्यांत आपले नांदेड आहे. उस्मानशाही मिलची यंत्रे बंद पडली, पण खादीचा माग चालू आहे.

दुसरी गंमत लातूरची. तेथे वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेसाठी गावोगावची मुले येऊन राहतात. त्या परीक्षेस पायांत बूट चालत नाहीत, चप्पल किंवा सँडल हवी. बाह्या अर्ध्याच हव्यात. म्हणजे परीक्षेच्या दारात बूट अडवितात आणि कचेरीच्या दारात स्लीपर! दोन्हीकडे नियम वाचून जाणारा सुखी. आमच्या तरुणांनी जाहिरात व प्रवेशपत्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचण्याची सवय लावून घ्यावी. निम्मे अर्ज अपुऱ्या वाचनाने बाद होतात, असे आमचे मत आहे.

'गांधीजी १९३१ साली पंचा नेसून इंग्लंडच्या राजास भेटले, मग आम्हांस इस्त्रीचा आग्रह का?' असे एका मुलाने आम्हांस विचारले होते. प्रश्न चांगला आहे. परंतु गांधीजी तेथे नोकरी मागावयास गेले नव्हते! आमच्या मते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे उदाहरण नोकरी शोधणाऱ्यास अधिक जवळचे आहे. डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे त्यांनी स्त्रियांना स्वच्छ राहण्याचा आणि लुगडे नेसण्याची, दागिने घालण्याची जुनी हीनत्वदर्शक रीत टाकण्याचा उपदेश केला. कपड्यावरून माणसाची पायरी ठरविणाऱ्या समाजात पोशाख बदलणे हा स्वाभिमानाचा भाग असतो, हे त्या थोर पुरुषाने ओळखले होते. आम्हीही तरुणपणी एका कचेरीत गेलो असता तेथील अधिकाऱ्याने अर्जाआधी आमच्या झिजलेल्या वहाणांकडे पाहिले होते. ते पाहणे अन्यायाचे होते, हे आम्ही आजही म्हणतो. पण जग असे पाहते, हे मुलांपासून लपवून ठेवण्यात काय अर्थ?

मुलाखतीचे महत्त्वही प्रमाणात ओळखावे. केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून गट क आणि गट ब अराजपत्रित पदांच्या मुलाखती बंद केल्या. तेथे लेखी परीक्षेचे गुण बोलतात; कोट शिवून काहीही साधणार नाही. संघ लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेतही २०२५ गुणांपैकी मुलाखतीचे २७५ आहेत. बाकीचे १७५० लिहून मिळवावयाचे. सबब कर्ज काढून सूट घेणाऱ्या बापास आम्ही हात जोडून सांगतो, की ते पैसे पुस्तकांस आणि खोलीभाड्यास द्या. दोन फिकट सुती सदरे, एक गडद पँट, एक पट्टा, पॉलिश केलेले साधे बूट. एवढ्यावर कोणतीही मुलाखत पार पडते. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४२ अंशांच्या वर चढतो. त्यात पॉलिएस्टर घालून बसणाऱ्याचा घाम समितीला बोलण्याआधी कळतो. सुती कापड कापण्यापूर्वी पाण्यातून काढावे, नाही तर पहिल्या धुण्यात बाही आखडते. हे घरी विचारले तर कोणतीही आजी सांगेल. लातूर-मुंबई गाडीने रात्रभर प्रवास करावयाचा असेल तर मुलाखतीचा सदरा अंगावर नको, पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवावा आणि उतरल्यावर बदलावा. आणि नवे बूट आठ दिवस आधी घरात घालून फिरावे. लंगडत आत गेलेल्या उमेदवाराचे सगळे लक्ष टाचेतच असते.

आता जे बोलावयाचे ते काहींना रुचणार नाही. गेल्या काही वर्षांत आपल्या समाजातील मुली पोलीस भरतीस उभ्या राहू लागल्या आहेत. मैदानावर धावतात, लेखी परीक्षेची तयारी करतात, आणि घरातील एखादे काका म्हणतात, 'खाकी पँट घालणार का? मग स्थळ कोण आणील?' एका घरी आम्ही स्वतः गेलो होतो. मुलीचे शिक्षण, उंची, धावणे, सर्व ठीक. अडचण केवळ पँटची. तिच्या वडिलांना आम्ही एवढेच विचारले, की दादा, तुम्ही आयुष्यभर इतरांच्या पँटी शिवल्या, त्यांत काही वाईट होते काय? ते बोलले नाहीत. मुलीच्या आईनेच आतून उत्तर दिले, 'गुरुजी, अर्ज भरला आहे.' तिचे पुढे काय झाले ते तिचे ती सांगेल. आम्ही नाव घेणार नाही. परंतु ज्या घरात असा अर्ज कपाटात पडून आहे, त्या घराने मुदत संपण्याआधी विचार करावा.

तशीच दुसरी गोष्ट. अर्जात वडिलांचा व्यवसाय लिहावयाचा असतो तेथे मुले 'व्यापार' लिहितात. का? 'शिवणकाम' लिहावे. समितीने विचारले तर काजे आणि कॉलर यांची चार वाक्ये आत्मविश्वासाने सांगावी. आपल्या घरातील कामाची माहिती नसलेला उमेदवार दुसऱ्याच्या कार्यालयात काय लक्ष घालणार, अशी शंका आम्ही समितीत असतो तर आम्हांस आली असती.

आणि सर्वांनाच नोकरी मिळणार नाही, हेही स्पष्ट बोलले पाहिजे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी, म्हणजे आपल्या मुक्तिदिनीच, केंद्राची विश्वकर्मा योजना सुरू झाली. तिच्या १८ व्यवसायांत शिंपीकाम आहे. प्रशिक्षण, साधनांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत साहाय्य, आणि ५ टक्के व्याजाने प्रथम १ लाख व नंतर २ लाखांपर्यंत कर्ज अशी तिची रचना आहे. चार-पाच वर्षे स्पर्धापरीक्षेत घालविलेल्या मुलाने ही वाट कमीपणाची मानू नये. मात्र 'साहेबांची ओळख आहे, इतके लाख द्या' म्हणणारा दलाल दारी आला तर त्यास चहासुद्धा देऊ नये. मशीन विकून आणि शेत गहाण टाकून अशांच्या हाती पैसे दिलेली घरे याच सभागृहात बसली आहेत. त्यांचे दुःख आम्ही जाणतो, म्हणून अधिक बोलत नाही.

शेवटी एक सूचना अध्यक्षमहाराजांपुढे ठेवतो. नांदेड व लातूर येथे ज्यांची शिवणकामाची दुकाने आहेत, अशा प्रत्येक सभासदाने वर्षातून एका गरजू उमेदवाराचा सदरा आणि पँट, किंवा मुलीचा कुर्ता, विनामूल्य शिवून द्यावा. उमेदवार कोणत्याही जातीचा असो. कापडाचा खर्च मंडळाने सोसावा. मापे घेण्याचे आणि अर्ज तपासून देण्याचे काम दर रविवारी सकाळी आम्ही करू. चष्मा लागला असला तरी टेप अजून नीट वाचता येते. ही सूचना मान्य झाल्यास दुकानदारांची यादी याच स्मरणिकेत पुढील वर्षी छापावी, अशी विनंती करून आपली रजा घेतो.