प्रतिकारशक्तीचं इंजेक्शन

आपल्या छातीच्या मधल्या हाडामागे थायमस नावाची एक ग्रंथी असते. वयात आल्यावर ती आक्रसत जाते, त्यामुळे बराच काळ ती बिनकामाचीच समजली जात होती. १९६१ साली लंडनमध्ये जाक मिलर या संशोधकानं नुकत्याच जन्मलेल्या उंदरांची थायमस काढून टाकली, तर त्यांची प्रतिकारशक्तीच ढासळली. रोगजंतूंशी लढणाऱ्या टी-पेशी याच ग्रंथीत परिपक्व होतात, हे मग उलगडत गेलं.

पुढे अमेरिकेत अ‍ॅलन गोल्डस्टीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वासरांच्या थायमसमधून एक पेप्टाइड वेगळं काढलं. थायमोसिन अल्फा-१ हे त्याचं नाव. पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी; या साखळीत २८ अमिनो आम्लं आहेत. आता ते कारखान्यात तयार होतं आणि कातडीखाली टोचतात. गिळलं, तर पोट त्याला डाळीतल्या प्रथिनासारखं पचवून टाकतं. तेव्हा कॅप्सूल विकणाऱ्यांपासून जरा जपून.

हिपॅटायटिस-बीसाठी हे औषध अनेक देशांत मंजूर आहे. अमेरिकेच्या औषध नियामकानं मात्र त्याला मान्यता दिलेली नाही. सेप्सिसमध्ये, म्हणजे संसर्गानं अवयव निकामी होऊ लागतात तेव्हा, त्याचा उपयोग होईल अशी मोठी आशा होती. चीनमधल्या २२ केंद्रांत अकराशेहून अधिक रुग्णांवर चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०२५ मध्ये आले. अठ्ठावीस दिवसांत औषध घेणाऱ्यांपैकी २३.४ टक्के दगावले, नुसतं प्लासिबो, म्हणजे औषध नसलेलं इंजेक्शन, घेणाऱ्यांपैकी २४.१ टक्के. म्हणजे फरक जवळपास नाहीच.

आणि हेच पेप्टाइड आता धडधाकट माणसांना 'इम्युनिटी वाढवा' म्हणून विकलं जातं! प्रतिकारशक्ती वाढवली की भलंच होतं, हे गृहीतच मला पटत नाही. संधिवाताच्या एका प्रकारात हीच शक्ती स्वतःच्या सांध्यांवर उलटते. मूत्रपिंड बदललेल्या रुग्णाला तर ती दाबून ठेवायच्या गोळ्या रोज घ्याव्या लागतात. अशांना कुणी हौसेनं हे इंजेक्शन टोचलं तर?

इंटरनेटवर 'फक्त संशोधनासाठी' अशी चिठ्ठी लावलेल्या कुप्याही मिळतात. त्या कुप्या माणसांसाठी नाहीत, हे विकणाराच लिहून देतो. आपण वाचत नाही.

तेव्हा कुणी पेप्टाइड सुचवलं, तर आधी विचारा: माझ्या कोणत्या आजारासाठी? आजाराचं नाव सांगता आलं नाही, तर पैसे खिशातच ठेवा. त्यापेक्षा वयानुसार घ्यायच्या कोणत्या लसी राहून गेल्या आहेत, ते आपल्या डॉक्टरांना विचारून घ्या.